शुक्रवारी रात्री निघणाऱ्यांनो, जरा थांबा!

दिवाळीच्या आसपास आमच्या ऑफिसात एक साथ येते. साथीचं नाव रोड ट्रिप. लक्षणं ठरलेली. आधी कॅन्टीनमध्ये चहा पिताना कोणीतरी उसासा टाकतो, "यार, कुठेतरी जायला पाहिजे." दुसरा म्हणतो, "कोकणातून गोवा मारूया." (आमच्याकडे गावं बघत नाहीत, 'मारतात'.) आणि तिसरा, ज्याने आयुष्यात कधी गाडीचं चाक बदललेलं नाही, तो जागेवर जाऊन एक्सेल शीट उघडतो. ठिकाण, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, किलोमीटर, माणशी खर्च. हिरव्या रंगाचे खण म्हणजे 'बघणे', पिवळे म्हणजे 'खाणे'. पहिली ओळ कायम एकच: शुक्रवार, रात्री 9.00, निघणे.

हा तिसरा माणूस अनेक वर्षं मी होतो. त्यामुळे खाली जे काही शिव्याशाप येणार आहेत ते आधी माझ्याच नावावर लिहून घ्यावेत, मग उरलेले वाटून घ्यावेत.

माझ्या शेवटच्या 'आदर्श' शीटमधल्या ओळी सांगतो. शनिवार पहाटे 4, रत्नागिरी. 4 ते 6, गाडीतच झोप. 6.40 ते 7.00, थिबा पॅलेस. 7.10 ते 7.30, रत्नदुर्ग. 9.00 गणपतीपुळे. 12.30 ते 12.50 कातळशिल्पं. 1.00 जेवण (मोदक!!). मग थेट गोवा. चार जणांनी शीट बघितली, चौघांनी अंगठा वर केला. सकाळी 6.40 ला थिबा पॅलेस उघडा असतो का, असं एकानेही विचारलं नाही. आम्ही चौघेही इंजिनिअर. चौघेही दिवसभर इतरांच्या कोडमध्ये 'ही एज केस बघितली नाहीस' म्हणून खुसपटं काढणारे.

तर मुद्दा असा, की रोड ट्रिपचं नियोजन म्हणून आपण जे करतो ते नियोजन नसतंच. ती इच्छांची यादी असते, तिला वेळा चिकटवलेल्या असतात. आणि कोकणच्या रस्त्यावर ही यादी नुसती हास्यास्पद नाही, तर धोक्याची आहे. आपल्याला आणि आपल्यापेक्षा जास्त तिथे राहणाऱ्यांना.

आधी धोक्याचं बोलू.

डिसेंबर 2023. ठरल्याप्रमाणे 9 ला निघायचं होतं, हिंजवडीतून निघालो 9.40 ला. कात्रज पार करेपर्यंत 11 वाजून गेले. कराडला चहा, मग मलकापूर, मग आंबा घाट. घाटात धुकं. घाट उतरून साखरपा गेलं, दाभोळे गेलं, आणि नाणीजच्या अलीकडे पहाटे सव्वाचारला आमची गाडी हळूच, अगदी सभ्यपणे, डावीकडे रस्ता सोडून निघाली. ब्रेक नाही, हॉर्न नाही, किंकाळी नाही. चालवणारा मित्र झोपला होता. दोन सेकंद, फार तर तीन. जांभ्याच्या चिऱ्यांचा एक ढीग होता, त्यात गाडी घुसली आणि थांबली. बंपर गेला, रेडिएटर गेला, माझ्या कपाळाला तीन टाके. बाकी सगळे धडधाकट. आम्ही बाहेर येऊन उभे राहतोय तोच समोरून एक दुचाकी गेली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली. त्या माणसाने वेग कमी केला, 'लागलं का कोणाला' विचारलं, आणि गेला. तो वीस सेकंद आधी आला असता आणि गाडी डावीऐवजी उजवीकडे गेली असती, तर? या प्रश्नाचं उत्तर मला शीटमध्ये कुठेही भरता आलेलं नाही.

मित्राचा दोष? अजिबात नाही. तो शुक्रवारी सकाळी साडेसहाला उठला होता. म्हणजे त्या क्षणी तो जवळजवळ 22 तास जागा होता. 1997 साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांचा एक छोटा लेख 'नेचर'मध्ये आला होता. त्यांनी मोजलं होतं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि 24 तासांनंतर साधारण 0.10 टक्के असल्याइतकी. भारतात गाडी चालवताना कायद्याची मर्यादा आहे 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. आता हिशोब करा. सकाळी साडेसहाला उठलेला माणूस रात्री साडेअकराला, म्हणजे सातारासुद्धा यायच्या आधी, पिऊन चालवणाऱ्याच्या बरोबरीला आलेला असतो. फरक इतकाच की पोलिसाच्या नळीत फुंकर मारली तर काहीच दिसत नाही.

आणि बघा, हीच आपली मंडळी पार्टीनंतर एकमेकांच्या किल्ल्या काढून घेतात. "तू प्यायलायस, तू नाही चालवायचं." शाब्बास! पण "तू सकाळपासून जागा आहेस, तू नाही चालवायचं" असं म्हणताना मी आजवर कोणाला ऐकलेलं नाही. उलट रात्रभर चालवणारा ग्रुपचा हिरो असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने स्टेटस पडतं.

ट्रकवाल्यांना आपण शिव्या देतो ना? त्यांच्यासाठी निदान कायदा तरी आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच सांगितलं होतं की दिवसाला 8 तास काम, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पाळला किती जातो हा भाग वेगळा. आपण ऑफिसात 9 तास बसून वर 7 तास गाडी हाकणार, म्हणजे 16 तासांची पाळी, आणि त्याला सुट्टी म्हणणार. एखाद्या कंपनीने ड्रायव्हरकडून असं काम करून घेतलं तर आपणच ती बातमी चार ठिकाणी पाठवू.

शीटमधली सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे सरासरी. पुणे-रत्नागिरी साधारण 320 किलोमीटर, 7 तास, म्हणजे तासाला 46. किती समंजस आकडा! पण या सरासरीला हे कळत नाही की पहिले दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर चौपदरी सरळ रस्ता आहे आणि शेवटी घाट, धुकं, वळणं. म्हणजे सोपा रस्ता ताज्या डोळ्यांना, आणि अवघड रस्ता मेलेल्या डोळ्यांना. मुंबईहून येणाऱ्यांचंही तेच. परशुराम घाट आणि चिपळूणच्या पुढची वळणं येतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. मुद्दाम बसून एखाद्याने वाईट योजना आखायची म्हटली तरी याहून वाईट जमणार नाही.

आणि एक गंमत सांगतो. आमच्या टीममध्ये अलिखित नियम आहे: शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर काही टाकायचं नाही. माणसं थकलेली असतात, काही बिघडलं तर निस्तरायला कोणी नसतं. एका वेबपेजवरचं बटण हलवायला आपण सोमवार उजाडायची वाट बघतो. आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळी स्वतःला, बायकोला आणि मागच्या सीटवर झोपलेल्या पोराला आंबा घाटात टाकतो. ही कुठली अक्कल?

आता 'त्यांच्या'बद्दल. म्हणजे जे त्या रस्त्यावर राहतात त्यांच्याबद्दल.

माझ्या मामाचं पालीजवळ महामार्गाला लागून छोटं हॉटेल आहे. चहा, मिसळ, भजी, सांगितलं तर जेवण. मागे घर. त्या पहाटे आम्हाला न्यायला तोच आला, शेजाऱ्याची जीप घेऊन. रस्ताभर एक अक्षर बोलला नाही. घरी मामीने हळद-दूध पाजलं, आईला फोन झाला, मग चहा घेऊन तो माझ्यासमोर बसला.

"किती वाजता निघालात?"

"साडेनऊच्या पुढे."

"आणि कुठं जायची घाई होती एवढी?"

"घाई नव्हती रे मामा. शनिवार फुकट जाऊ नये म्हणून..."

"हां. फुकट." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, रात्री तीन ते पाच मला धड झोप नाही लागत आता. जरा ब्रेक करकरला की मी उठून बसतो. बॅटरी उशाशीच असते. तुमच्यासारखी पोरं असतात रे. गाडीत चिप्सची पाकिटं असतात, एक स्पीकर असतो, तो चालूच राहतो. बंद कसा करायचा ते मला कळत नाही."

मंडळी, तो स्पीकर माझ्या डोक्यातून जात नाही.

आपण ज्याला 'रूट' म्हणतो तो कोणाचं तरी अंगण आहे. पहाटे पाचला दूध घालायला, सहाला शाळेच्या एसटीला, बाजारात, देवळात जायला माणसं हाच रस्ता ओलांडतात. रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, कारण ते उबदार असतं. आपल्या शीटमध्ये यांच्यासाठी रकाना नाही.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे: "रस्ता वाईट आहे हा आमचा दोष का?" बिलकुल नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं पनवेल ते इंदापूर काम 2011 साली सुरू झालं. 2025 चा गणेशोत्सव आला तरी पूर्ण रस्ता तयार नव्हता. चिपळूणच्या एका वकिलांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तारखांमागून तारखा दिल्या गेल्या, त्या टळत गेल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, आणि राजापूर व जयगडहून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी त्या अंधारात नदीत गेल्या. नवीन पूल मात्र वर्षभराच्या आत, जून 2017 मध्ये उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर होतं! ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळूणला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. त्यावर चिडायलाच हवं, आणि मीही चिडतो. काशेडीचे बोगदे झाले, काही टप्पे खरोखर छान झाले, हेही मान्य. पण त्यातला सगळ्यात फसवा प्रकार हाच आहे. दहा किलोमीटर मस्त काँक्रीट, गाडी शंभरवर, आणि अचानक मातीचा वळसा, धड पाटी नाही, दिवा नाही. दिवसा तो दोनशे मीटरवरून दिसतो. रात्री पंचवीसवरून. रस्ता वाईट आहे हे माहीत असणं म्हणजे जास्त जपून आखणी करायचं कारण. सरकार नालायक आहे हे सिद्ध करायला आपण खड्ड्यात जाऊन बसायची गरज नाही.

दुसरा आक्षेप: "दिवसा ट्रॅफिक असतं, रात्री रस्ता मोकळा." मोकळा असतो म्हणून तर झोप लागते! दिवसा दोन तास जास्त लागतात, कबूल. त्या दोन तासांत आंबा घाट दिसतो, साखरप्याला गरम वडा मिळतो. ट्रिपला निघालोय ना आपण? की कुरिअर पोचवतोय?

तिसरा, आणि खरा: "रजा नाही रे." हे मला सगळ्यात जास्त पटतं, कारण माझीही नसते. पण याचं उत्तर 'रात्री निघा' हे नाही. याचं उत्तर 'कमी लांब जा' हे आहे. दोन दिवस असतील तर रत्नागिरी पुष्कळ झाली. गोव्यालाच जायचं असेल तर 1998 पासून कोकण रेल्वे आहे, झोपून जा, तिथे दुचाकी भाड्याने घ्या. पण दोन दिवसांत पुण्याहून रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण आणि गोवा 'करणे' हे आकड्यांनाच मान्य नाही, मग घाटाला कुठून होणार?

आता दुसरं पाप. जीव वाचला तरी अशा ट्रिपमध्ये बघितलं काय जातं?

रत्नागिरीचंच उदाहरण घ्या. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं. सावरकरांना 1924 पासून 1937 पर्यंत जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती. तेरा वर्षं. त्याच काळात, 1931 मध्ये, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतित पावन मंदिर उभं राहिलं. इंग्रज ज्याला शिक्षा करायची त्याला रत्नागिरीत ठेवायचे, आणि आपण कसलीही शिक्षा नसताना वीस मिनिटांत पळ काढतो. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थान तर शीटमध्ये येतच नाही, कारण त्याला 'व्ह्यू' नाही :-)

त्याहून वाईट हाल कातळशिल्पांचे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वी कोरलेली माणसं, हत्ती, मासे, आणि कशाची ते न कळणारी चित्रं आहेत. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून, गावकऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून ती शोधली, नोंदवली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणांची नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा आहे की त्याच्या पोटात आणखी बरेच प्राणी कोरलेत. आणि माझ्या शीटमध्ये वेळ होती दुपारी 12.30! डोक्यावर सूर्य असताना उथळ खोदकामाची सावलीच पडत नाही. नुसता तापलेला कातळ दिसतो, त्यावर आपण दोन मिनिटं उभं राहतो आणि "एवढं काय त्यात" म्हणून निघतो. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात तेच चित्र दगडातून वर आल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात गवत आणि पाणी साचतं, तेव्हा पुष्कळदा काही दिसत नाही. म्हणजे 'ठिकाण कुठे आहे' याच्याइतकंच 'ऊन कुठे आहे' हे महत्त्वाचं. नकाशावरचा लाल ठिपका हे सांगत नाही.

समुद्राचंही तेच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करायची असते, भरतीला खडकांवरून माणसं ओढली गेली आहेत. गणपतीपुळे, आरे-वारे इथल्या पाण्यात उतरू नका म्हणून पाट्या आहेत, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी बुडाल्याची बातमी येते. बहुतेक वेळा बाहेरून आलेली मंडळी. का? कारण शीटमध्ये 'बीच, 45 मिनिटं' लिहिलेलं असतं आणि ती 45 मिनिटं भरतीत येवोत की ओहोटीत, पाण्यात उतरायचंच असतं.

कपाळावर पट्टी बांधून बसलो होतो तेव्हा मामाने मला एक सूत्र शिकवलं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला ते येतं. आजची तिथी घ्या, तिला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर 8 गुणिले 3 म्हणजे 24, भागिले 4 म्हणजे 6. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आम्ही चौघांनी लगेच फोनवर तपासलं, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे, पण बरोबर! भिंतीवरच्या कालनिर्णयवर चालणारा अल्गोरिदम, नेटवर्क लागत नाही. चार इंजिनिअर एकमेकांकडे बघत बसलो.

नुसती टीका करून निघून जाणं बरं नाही, तेव्हा आता मी कशी आखणी करतो ते सांगतो. नियम थोडे आहेत.

एक. शनिवारी पहाटे निघा, शुक्रवारी दहाला झोपा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. दिवसाला 250 किलोमीटरच्या वर जायचं नाही. फक्त पहिल्या दिवशी, तेही चौपदरी रस्ता असेल आणि चालवणारे दोघं असतील तर, तीनशेच्या थोडं वर चालेल.

दोन. किनाऱ्याने जायचं असेल तर किलोमीटर विसरा, खाड्या मोजा. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग अलिबाग, मुरूड. पुढे आगरदांडा-दिघी तर, बागमांडला-वेश्वी तर, दाभोळ-धोपावे तर, तवसाळ-जयगड तर. गाडीसकट बोटीत. अंतुल्यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-रेडी सागरी महामार्ग पूर्ण होईल तेव्हा तिथे पूल असतील, तोवर बोट. बोट तुमच्या शीटनुसार सुटत नाही. शेवटची किती वाजता हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, ऋतूप्रमाणे बदलतं. हा रस्ता एका दिवसात होत नाही. दोन मुक्काम धरा, एक दिवेआगर-हरिहरेश्वरकडे, एक दापोली-गुहागरकडे. तिसऱ्या दिवशी जयगडला उतरून मालगुंड (केशवसुतांचं गाव, स्मारक बघा), गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, आणि सूर्य बुडायच्या आत रत्नागिरी.

तीन. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. किनाऱ्याच्या गावांत पंप कमी आहेत. दापोली, गुहागर अशा मोठ्या गावात टाकी भरून निघा.

चार. स्वच्छतागृह हे 'ठिकाण' आहे. चार पोरांच्या शीटमध्ये हा रकाना कधीच नसतो. बहीण बरोबर आली तेव्हा कळलं की ती सकाळपासून पाणीच पीत नव्हती, कारण कुठे थांबणार हे आम्ही सांगितलंच नव्हतं. दर दोन तासांनी थांबा लिहा, आणि तो कुठे हे निघायच्या आधी ठरवा. त्याने चालवणाऱ्यालाही विश्रांती मिळते.

पाच. जेवण सकाळीच सांगा. घरगुती खानावळीत मोदक दुपारी तीनला आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी सकाळी नारळ खवलेला असावा लागतो.

सहा. दिवसाला दोनच गोष्टी ठरवा. एक सकाळची, एक संध्याकाळची. मधला वेळ रिकामा ठेवा. खड्डा, पंक्चर, बोटीची रांग, आणि एखाद्या आजोबांच्या गप्पा, सगळं त्यात बसतं. ऑफिसात याला बफर म्हणतात आणि मॅनेजर तो कापतो. इथे मॅनेजर तुम्हीच आहात. कापू नका.

कोणी म्हणेल, असं आखून गेलं की मग रोड ट्रिपची मजा ती काय? बिनधास्तपणा कुठे गेला? बाबांनो, बिनधास्तपणा त्या रिकाम्या दुपारीच असतो. मिनिटामिनिटाची शीट करून रात्रभर गाडी हाकण्यात कसला आलाय बिनधास्तपणा, ती तर दुसरी नोकरी झाली.

परवा ऑफिसात पुन्हा साथ आली. नवीन पोरगा आहे, पंचविशीचा, हुशार. त्याने मला शीट पाठवली, 'बघा ना, काही राहिलंय का'. पहिली ओळ: शुक्रवार, रात्री 9.00, निघणे. मी बाकी काही बघितलं नाही. ती ओळ खोडली, शनिवार पहाटे 5.30 लिहिलं आणि परत पाठवली. त्याचं उत्तर आलं, "पण मग गोवा बसत नाहीये."

नाही बसत. ते काढ.

असो. तुमच्यापैकी कोणी दिवसाउजेडी पालीवरून जात असेल तर रस्त्याकडेच्या एखाद्या छोट्या हॉटेलात थांबा, चहा घ्या, दहा मिनिटं बसा. मामाचंच पाहिजे असं नाही. फक्त "लवकर द्या हो, आम्हाला गोव्याला जायचंय" असं म्हणू नका.